इंटरनेट रुसले तर काय कराल?

नोव्हेंबर महिना दिल्लीकरांची परीक्षाच पाहतो. दिवाळी संपते न संपते तोच आकाश धुराने काळवंडते, घसा खवखवू लागतो आणि शाळेकडून निरोप येतो, ‘उद्यापासून वर्ग ऑनलाइन भरतील.’ नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा फारच बिघडली, तेव्हा १८ तारखेपासून दिल्लीच्या शाळांचे वर्ग असेच घरोघरी भरू लागले. पाठोपाठ गुरुग्राम, नोएडा आणि गाझियाबादमधल्या मुलांनाही घरी बसून शिकावे लागले.

निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजोबांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, तोही याच महिन्यात. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाल्यापासून हा दाखला घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो. धुरात रांगेत उभे राहण्यापेक्षा ते कितीतरी बरे!

आता समजा, मयूर विहारमधल्या एका घरात धाकट्या मुलीचा गणिताचा तास चालू आहे, आईचे कार्यालयाचे काम सुरू आहे आणि आजोबा दाखल्यासाठी मोबाइलसमोर चेहरा धरून बसले आहेत. नेमके त्याच क्षणी इंटरनेट बंद पडते. मग घरात एकच गोंधळ उडतो. कुणी राउटरचे बटण दाबते, कुणी तारा उपसून पुन्हा खोचते, तर कुणी बंगळुरूच्या मुलाला फोन लावते. कारण ‘त्यातले’ कळणारा घरात तो एकटाच असतो. तो बैठकीत असतो आणि सगळे हात चोळत बसतात.

खरे तर इंटरनेट कुठे अडले आहे हे शोधण्यासाठी अभियंता असण्याची मुळीच गरज नाही. स्वयंपाकघरात गॅस पेटला नाही तर आपण लगेच शेगडी बदलायला निघत नाही. आधी सिलिंडर संपला का, रेग्युलेटर बंद आहे का, हे क्रमाने पाहतो. इथेही तोच क्रम उपयोगी पडतो. आधी दोष कुठे आहे ते शोधा आणि मगच सेटिंगला हात लावा.

तारेपासून प्रकाशापर्यंत

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगमने ही सेवा मोजक्या मोठ्या शहरांत दिली आणि त्यात दिल्लीही होती. तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून मोडेम किरकिर आवाज करीत जोडणी करायचा. दूरध्वनी आला की इंटरनेट तुटायचे आणि इंटरनेट चालू असले की दूरध्वनी ‘एंगेज’ लागायचा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट या किमान वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले होते. २०२३ मध्ये हीच किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. आता तर केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने इंटरनेट थेट बैठकीच्या खोलीत येते.

वेग वाढला, तरी प्रवासाचे टप्पे तेच राहिले. तुमच्या मोबाइलपासून किंवा संगणकापासून घरातल्या राउटरपर्यंत पहिला टप्पा. राउटरपासून कंपनीपर्यंत दुसरा. आणि संकेतस्थळाचे नाव शोधून तिथपर्यंत पोहोचणे हा तिसरा. या तिन्हींपैकी कुठे अडले आहे ते कळले की अर्धे काम झाले म्हणून समजा.

आधी दिवे पाहा

राउटरवर आणि भिंतीवरच्या फायबरच्या डबीवर लहान लहान दिवे असतात. सर्व काही ठीक असताना कोणता दिवा कसा लागतो, याचा एक फोटो आजच काढून ठेवा. बिघाडाच्या वेळी हाच फोटो सर्वांत उपयोगी पडतो.

फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच तिथे पोहोचत नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी मोबाइलमधली सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग होणार नाही. आधी फायबरची तार सोफ्याखाली दाबली गेली आहे का, झाडू मारताना खेचली गेली आहे का, कोपऱ्यात काटकोनात वळली आहे का, ते पाहा. आत काच असल्याने ती तीव्र वळण सोसत नाही. तार सरळ करूनही दिवा लालच राहिला, तर कंपनीला कळवा. तारेचे टोक स्वतः उघडू नका आणि त्यात डोळा लावून तर मुळीच पाहू नका. या तारा गल्लीत खांबांवरून आणि गच्च्यांवरून लोंबकळत येतात. पतंगाचा मांजा, झाडाची फांदी, रस्त्याचे खोदकाम, त्यांचे शत्रू अनेक. वाराणसीत तर गंगेच्या घाटाजवळच्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी २०१५ मध्ये आली होती!

विजेचाही एक घोळ असतो. तुमच्या घरात इन्व्हर्टर असतो, पण काही इमारतींत कंपनीचा एक डबा जिन्याजवळही असतो. वीज गेल्यावर तो बंद पडला, तर तुमचा राउटर चालू असूनही इंटरनेट मिळत नाही. तेव्हा शेजारी एकदा विचारून घ्या. त्याच कंपनीची जोडणी असलेल्या सर्वांचेच बंद असेल, तर दोष तुमच्या घरातला नाही.

बंद करून चालू करणे, पण नीट

सोसायटीत वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात. या झटक्याने राउटर अर्धवट सुरू होऊन अडकू शकतो. म्हणून तो बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र बटण खटकन बंद करून लगेच चालू करू नका. फायबरची डबी आणि राउटर दोन्ही बंद करा, एक मिनिट थांबा. आधी डबी चालू करा आणि तिचे दिवे स्थिर झाले की राउटर चालू करा. त्यानंतर दोन-तीन मिनिटे वाट पाहा.

राउटरच्या मागे एक बारीक भोक असते आणि त्यावर ‘रीसेट’ असे लिहिलेले असते. त्यात टाचणी घालण्याचा मोह टाळा. त्यामुळे राउटरमधली सगळी सेटिंग पुसली जाते. कंपनीने दिलेले युजर नेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेले असतील तर तेही जातात. दहा मिनिटांच्या बिघाडाचे मग दोन दिवस होतात.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

एकाच मोबाइलवर किंवा संगणकावर अडचण आहे, की सगळ्यांवर? सगळ्यांवर असेल तर दोष राउटरचा किंवा कंपनीचा. एकावरच असेल तर त्या यंत्राच्या सेटिंगचा. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ धावपळ वाचते.

विंडोज संगणक असेल तर आणखी नेमके उत्तर मिळते. शोधण्याच्या चौकटीत ‘सी एम डी’ ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करा. एक काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, इथे आपण केवळ विचारणार आहोत, काही बदलणार नाही. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत, सलग लिहून एंटर दाबा. चालू जोडणीखाली ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’ हा तुमच्या संगणकाचा क्रमांक दिसेल आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ हा राउटरचा. घरगुती जोडणीत हे क्रमांक बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. आता ‘पिंग’ हा शब्द (पी, आय, एन, जी), मग मोकळी जागा आणि पुढे एक पत्ता, असे तीन वेळा विचारा. आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.

पहिल्यांदा राउटरचा क्रमांक द्या. ‘रिप्लाय’ अशा ओळी आल्या, तर घरातली जोडणी ठीक आहे. दुसऱ्यांदा ८.८.८.८ द्या. हा बाहेरच्या जगातला एक पत्ता आहे. उत्तर आले, तर कंपनीची तारही ठीक आहे. तिसऱ्यांदा एखाद्या परिचित संकेतस्थळाचे नाव द्या. आकड्याला उत्तर आले आणि नावाला ‘सापडत नाही’ असा निरोप आला, तर चोर सापडला! दोष नाव शोधणाऱ्या यादीत आहे.

संगणकाला पत्ताच मिळाला नाही तर

संगणकाचा क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. पत्रच टाकता येत नाही, मग उत्तर कुठून येणार? वाय-फाय बंद करून पुन्हा जोडा. तरीही तसेच राहिले, तर सेटिंगमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’, मग तुमच्या जोडणीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. तिथे ‘आयपी असाइनमेंट’पुढे ‘ऑटोमॅटिक’ असायला हवे. पूर्वीच्या कंपनीसाठी किंवा कार्यालयासाठी कुणीतरी तिथे ठरावीक आकडे भरून ठेवलेले असतात आणि नव्या राउटरशी ते जुळत नाहीत. कार्यालयाचा लॅपटॉप असेल, तर मात्र आधी तिथल्या संगणक विभागाला विचारा.

नावांची यादी बदला

आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्रांना कळतात ते आकडे. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला ‘डीएनएस’ म्हणतात. दूरध्वनीची डिरेक्टरीच म्हणा ना! फार पूर्वी, इंटरनेट बाल्यावस्थेत असताना, अमेरिकेत ही यादी एकच होती आणि ती एलिझाबेथ फाइनलर या महिलेच्या देखरेखीखालील कार्यालय सांभाळत असे. नवा संगणक जोडायचा तर त्या कार्यालयाला कळवावे लागे. संगणक वाढले आणि एका यादीवर काम भागेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी जगभर वाटलेल्या याद्यांची आजची पद्धत तयार केली.

तुमचा राउटर बहुधा कंपनीचीच यादी वापरतो. ती बंद किंवा मंद पडली की तार धडधाकट असूनही संकेतस्थळे उघडत नाहीत. यावर उपाय म्हणजे दुसरी यादी. गूगलची ८.८.८.८ आणि ८.८.४.४ ही यादी डिसेंबर २००९ पासून सर्वांसाठी मोफत आहे, तर क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ आणि १.०.०.१ ही यादी १ एप्रिल २०१८ पासून. विंडोजमध्ये मघाच्याच ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डीएनएस’पुढे ‘एडिट’ दाबून ‘मॅन्युअल’ निवडा, ‘आयपीव्ही४’ चालू करा आणि दोन्ही आकडे भरा. आयफोनमध्ये वाय-फायच्या नावापुढील ‘आय’ या खुणेवर बोट ठेवून ‘कॉन्फिगर डीएनएस’मध्ये हेच करता येते. आधी एकाच यंत्रावर करून पाहा आणि गुण आला तरच बाकीच्यांवर करा.

अँड्रॉइड मोबाइलवर मात्र एक वेगळीच गफलत आढळते. ‘प्रायव्हेट डीएनएस’ या ठिकाणी जाहिराती टाळण्यासाठी कुणीतरी एखादे नाव भरून ठेवलेले असते. ती सेवा बंद पडली की मोबाइल वाय-फायला जोडलेला दिसतो, पण काहीच उघडत नाही. तिथे ‘ऑटोमॅटिक’ निवडले की काम होते.

घरात लहान मुले असतील तर १.१.१.३ हा आकडा लक्षात ठेवा. क्लाउडफ्लेअरची ही यादी घातक आणि प्रौढांसाठीची बरीच संकेतस्थळे उघडूच देत नाही. मात्र यादी बदलली म्हणजे तुम्ही कोणकोणती नावे शोधता हे त्या नव्या कंपनीला कळू शकते, हेही ध्यानात असू द्या.

काही उघडते, काही नाही

काही संकेतस्थळे पटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, असे होत असेल तर दोन कारणे तपासा.

पहिले अगदी साधे आहे. संगणकाची तारीख आणि वेळ पाहा. जुन्या संगणकातला घड्याळाचा सेल संपला की तो भलतीच तारीख दाखवू लागतो. बँकेसारखी सुरक्षित संकेतस्थळे तारखेवरूनच आपले प्रमाणपत्र पटवून देतात. तारीख चुकली की ती उघडत नाहीत.

दुसरे कारण राउटरमध्ये असते. युजर नेम आणि पासवर्ड टाकून चालणाऱ्या ‘पीपीपीओई’ जोडणीत माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर आठ बाइटचे जादा वेष्टन चढते. त्यामुळे १५०० बाइटच्या गठ्ठ्यात १४९२ बाइटच मावतात. ‘एमटीयू’ या सेटिंगमध्ये १५०० असेल, तर मोठे गठ्ठे वाटेत अडकू शकतात. ते १४९२ करून पाहा.

वेग कमी का?

वाय-फाय हळू चालते ही तक्रार तर घरोघरची. आधी शक्य असेल तर लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वेग मोजा. तारेवर वेग चांगला असेल, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. कंपनी ‘१०० मेगाबिट’ म्हणते तेव्हा फाइल सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट या वेगाने उतरते, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात.

नोएडा-गुरुग्रामच्या बहुमजली इमारतींत एका खोलीतून वीस-वीस वाय-फायची नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे मार्ग जेमतेम तीनच आहेत. ते म्हणजे १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘चॅनल’ बदलून या तिघांपैकी कमी गर्दीचा मार्ग निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. म्हणून दूध गरम होत असताना मुलीचा तास अडखळला, तर नवल नाही. यंत्रांना चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. तो वेगवान असतो, मात्र जाड भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. राउटर लोखंडी कपाटामागे, फ्रिजजवळ किंवा टीव्हीच्या पाठीमागे ठेवू नका. घराच्या मध्यभागी, थोडा उंचावर ठेवा.

घाईत घात नको

इंटरनेट बंद पडल्यावर होणारे खरे नुकसान कधी कधी वेगळेच असते. घाबरलेला माणूस मोबाइलवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधतो आणि भामट्यांनी पसरलेला खोटा क्रमांक त्याच्या हाती लागतो. पलीकडचा गोड बोलून ‘मी इथूनच सेटिंग करून देतो’ म्हणतो आणि मोबाइलचा पडदा दूरवरून हाताळू देणारे अॅप उतरवायला लावतो. मग बँकेचा संदेशही त्याला दिसतो आणि खाते रिकामे होते. अशा अॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता.

म्हणून कंपनीचा क्रमांक बिलावरूनच घ्या. ओटीपी, पिन कुणालाही सांगू नका. इंटरनेट दुरुस्तीसाठी त्यांची कधीच गरज नसते. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

एक कागद कपाटात

राउटरमध्ये काहीही बदलण्यापूर्वी त्या पानाचा फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक पडला नाही, तर ती पूर्ववत करा आणि मगच पुढची घ्या. पाच सेटिंग एकदम बदलल्या, तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे कधीच कळत नाही.

आज इंटरनेट चालू असतानाच एक कागद घ्या. त्यावर ग्राहक क्रमांक, बिलावरचा तक्रार क्रमांक आणि राउटरचा पत्ता लिहा, दिव्यांचा फोटो छापून चिकटवा. खाली क्रम लिहा: दिवे, शेजारी, बंद-चालू, एक यंत्र की सगळी, तीन पिंग, यादी. कागद कपाटाच्या दाराला आतून लावा. पासवर्ड मात्र त्यावर न लिहिता वेगळे, जपून ठेवा.

सगळे करूनही जमले नाही, तर तक्रार नोंदवा. ‘चालत नाही हो’ म्हणण्याऐवजी ‘एलओएसचा दिवा सकाळी नऊपासून लाल आहे’ किंवा ‘राउटर उत्तर देतो, पण बाहेरचा पत्ता देत नाही’ असे सांगा. दुरुस्तीला येणाऱ्याचा वेळ वाचेल आणि तो योग्य सामान घेऊन येईल. तक्रारीचा डॉकेट क्रमांक अवश्य मागून घ्या. दखल घेतली गेली नाही, तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपिलाधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

आणि हो, हा कागद तयार झाला की येत्या रविवारी घरातल्या सर्वांना एकदा हे सारे करून दाखवा, आजी-आजोबांना तर आवर्जून. भर दुपारी घरात बहुधा तेच असतात.